जुन्या जावास्क्रिप्ट संहितेची पुनर्रचना आणि मराठी अक्षर : एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत 'संहिता' हा शब्द ऋग्वेदापासून नाटकापर्यंत आणि कायद्यापासून संगणकाच्या प्रणालीपर्यंत सर्वत्र वापरला जातो. या सर्व संहितांना एक प्रश्न समान आहे. काळ लोटला, भाषा बदलली, मूळ कर्ते दूर गेले; अशा वेळी जुनी संहिता तशीच ठेवावी, दुरुस्त करावी की नव्याने लिहावी? संकेतस्थळांच्या दर्शनी भागाची, म्हणजे वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट संहिता आज याच वळणावर उभी आहे. इ. स. २००० ते २०१० या दशकात लिहिली गेलेली आणि अद्याप वापरात असलेली अनेक पाने नव्या रीतीने लिहिण्याचे काम विद्यापीठे, शासकीय कार्यालये व खाजगी संस्था यांच्यात सुरू असते. या कामाचे शास्त्र 'रिफॅक्टरिंग' या नावाने विकसित झाले असून त्याचा प्रमाणग्रंथ मार्टिन फाउलर यांचा 'रिफॅक्टरिंग' हा मानला जातो. प्रस्तुत लेखात त्या ग्रंथातील मूळ भूमिकेची मराठी अक्षराच्या संदर्भात चिकित्सा केली आहे.

ग्रंथ आणि त्याची भूमिका

या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील उदाहरणे जावा भाषेत होती. २०१८ मध्ये दुसरी आवृत्ती आली, तेव्हा फाउलर यांनी उदाहरणांसाठी जावास्क्रिप्टची निवड केली. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत जिचा पहिला आराखडा सिद्ध केला, ती भाषा दोन दशकांनंतर शिस्तबद्ध लेखनाच्या चर्चेचे माध्यम ठरावी, ही घटना लक्षणीय होय. पहिल्या आवृत्तीचा आरंभ चित्रफिती भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या हिशेबाने होतो. दुसऱ्या आवृत्तीत त्या जागी एक नाटकमंडळी येते. मंडळीचे बिल काढणारे एक लांबलचक फंक्शन आहे. त्याच बिलाचे वेब-पान हवे असल्याने ते फंक्शन लहान लहान तुकड्यांत विभागले जाते आणि प्रत्येक पावलानंतर चाचण्या चालविल्या जातात.

फाउलर यांच्या व्याख्येचा आशय असा की, प्रणालीचे बाहेरून दिसणारे वर्तन न बदलता तिची अंतर्गत रचना समजण्यास सोपी व बदलण्यास स्वस्त करणे म्हणजे पुनर्रचना. मायकेल फेदर्स यांनी २००४ मध्ये जुन्या संहितेवर लिहिलेल्या ग्रंथात याला पूरक भूमिका मांडली. ज्या संहितेला चाचण्या नाहीत ती वारशाने आलेली संहिता, मग ती काल लिहिलेली का असेना, असे ते मानतात. अशा संहितेला हात लावण्यापूर्वी ती आज प्रत्यक्षात काय करते याची नोंद करणाऱ्या चाचण्या लिहाव्यात, असा त्यांचा आग्रह आहे.

या भूमिकेचे बळ तिच्या संयमात आहे. सर्व मोडून नव्याने बांधण्याच्या मोहाला ती आवर घालते. नेटस्केपने १९९८ नंतर आपला ब्राउझर जवळजवळ मुळापासून लिहावयास घेतला. आवृत्ती ६ नोव्हेंबर २००० मध्ये आली, आणि दरम्यानच्या काळात बाजारपेठ इंटरनेट एक्सप्लोररच्या हाती गेली. जोएल स्पोल्स्की यांनी २००० मध्येच या निर्णयावर कठोर टीका केली. त्याच परिश्रमांतून पुढे २००४ मध्ये फायरफॉक्स उभा राहिला, हेही तितकेच खरे. त्यामुळे पुनर्लेखन सर्वथा निषिद्ध ठरत नाही. मात्र त्याची किंमत कोणी मोजावयाची, हा प्रश्न उरतोच. फाउलर यांनी २००४ मध्ये सुचविलेली मध्यममार्गी रीत ऑस्ट्रेलियात पाहिलेल्या वृक्षांवरून आलेली आहे. ताडावर रुजलेला पिंपळ जसा हळूहळू ताडाला वेढून स्वतःच्या मुळांवर उभा राहतो, तशी नवी संहिता जुनीच्या अंगाखांद्यावर वाढवावी आणि जुनीला क्रमाक्रमाने निवृत्त करावे, असा तिचा सारांश आहे.

'बाहेरून दिसणारे' म्हणजे कोणाला दिसणारे?

या व्याख्येतील कळीचा शब्द 'दिसणारे' हा आहे. वर्तन दिसते ते चाचणी लिहिणाऱ्याला. त्याच्या चाचणीत जे नाही, ते त्याच्या दृष्टीने वर्तनच नाही. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्या अभियंत्याला जे दिसत नाही, ते यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनच्या विद्यार्थ्याला आपल्या अर्जाच्या पहिल्याच रकान्यात दिसते. हा मुद्दा चार उदाहरणांनी स्पष्ट करता येईल.

पहिले उदाहरण खुद्द 'मुकुटबन' या नावाचे. जुन्या अर्जांमध्ये गावाचे नाव तपासताना देवनागरीचा संपूर्ण संकेतपट्टा एका ओळीत लिहून दिलेला असे. ती ओळ ओबडधोबड होती, पण चालत होती. २०१८ च्या जावास्क्रिप्ट मानकात कोणत्याही लिपीतील 'अक्षर' ओळखण्याची सुबक सोय आली. जुनी ओळ काढून ही नवी खूण घालणे कोणत्याही अभियंत्याला सुधारणाच वाटेल. परंतु युनिकोडच्या वर्गवारीत उकार, वेलांटी, काना, अनुस्वार ही 'अक्षरे' नाहीत, 'चिन्हे' आहेत. त्यामुळे नवी तपासणी 'मुकुटबन' नाकारते. आणि अक्षर नसलेले सर्व गाळून टाकणारी प्रणाली असेल, तर गावाचे 'मकटबन' होते. 'दिल्ली'चे इंग्रजी स्पेलिंग वापरून घेतलेल्या सर्व चाचण्या मात्र हिरव्या राहतात.

दुसरे उदाहरण 'वऱ्हाड' या शब्दाचे. यातील ऱ्ह युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला गेला आहे. एका रीतीत ऱ या स्वतंत्र संकेतांकानंतर हलन्त येतो. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा एक जोडक येतो. पहिल्या रीतीने जावास्क्रिप्ट या शब्दाची लांबी ६ सांगते, दुसऱ्या रीतीने ७. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या मजकुराची 'सफाई' करताना अदृश्य संकेतांक कचरा समजून काढून टाकणे ही नित्याची बाब आहे. तसे केल्यास दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या 'वऱ्हाड'चे 'वर्हाड' होते. प्रांताचे नाव बिघडले तर वाचणारा ते मनातल्या मनात दुरुस्त करून घेईल. व्यक्तीच्या आडनावाबाबत मात्र यंत्र तशी सवलत देत नाही.

तिसरे उदाहरण 'ॲडव्होकेट'मधील आद्याक्षराचे. ॲ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली. त्यापूर्वीच्या टंकनसुविधा अ आणि चंद्र असे दोन संकेतांक एकापुढे एक ठेवीत. युनिकोडचे प्रमाणीकरण या दोन रूपांना समान मानत नाही. जुन्या टंकनसुविधेच्या जागी नवी बसविली की नवे लेखन एका रूपात आणि जुना साठा दुसऱ्या रूपात राहतो. शोध घेणाऱ्याला निम्मे अभिलेख सापडतच नाहीत. येथे पुनर्रचनेने कोणतीही चूक केलेली नाही. तिने बरोबर तेच केले, जे नव्या मानकाला अभिप्रेत आहे. वर्तन मात्र बदलले.

चौथे उदाहरण अंकांचे. आकड्यात स्वल्पविराम घालणारे हाताने लिहिलेले जुने फंक्शन काढून ब्राउझरची अंगभूत सोय 'मराठी, भारत' या निर्देशासह वापरल्यास १२,३४,५६७ असा देवनागरी अंकांतील सुरेख आकडा मिळतो. परंतु तोच आकडा पानावरून वाचून पुढे बेरजेस घेतला, तर जावास्क्रिप्टला तो संख्या म्हणून ओळखताच येत नाही. दिसण्यात सुधारणा झाली आणि हिशेब थांबला.

मराठी टंकनसुविधांचा धडा

या प्रश्नाचे सर्वांत बोलके प्रत्यक्ष उदाहरण मराठी संकेतस्थळांवरील टंकनसुविधांत सापडते. युनिकोड देवनागरीची कळपाटी घरोघरी उपलब्ध नव्हती, त्या काळात 'गमभन'सारख्या जावास्क्रिप्ट सुविधांनी रोमन कळांवरून मराठी लेखन शक्य केले. अशा संहितेचे कार्य वरकरणी सोपे असते. व्यंजनाची कळ दाबली की व्यंजन व हलन्त घालावयाचा, पुढे स्वराची कळ आली की हलन्त काढून मात्रा लावावयाची. त्यासाठी कर्सरच्या मागे काय आहे हे कळावे लागते. आणि ते विचारण्याची इंटरनेट एक्सप्लोररची रीत एक, मोझिलाची दुसरी. म्हणून संहितेत जागोजागी दुहेरी वाटा निर्माण झाल्या. १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा पाठिंबा विंडोज १० च्या बहुतांश आवृत्त्यांवर संपला आणि यांतील एक वाट ओसाड झाली. ती कापून टाकणे हे पुनर्रचनेचे पहिले आणि निर्धोक पाऊल वाटते. परंतु एखादी जुनी दुरुस्ती, समजा ऱ्य आणि ऱ्ह यांची, नेमकी त्याच ओसाड वाटेत लिहिलेली असेल, तर तीही सोबत जाते. म्हणून कापण्यापूर्वी वाचणे अपरिहार्य ठरते.

दुसरे स्थित्यंतर भ्रमणध्वनीने आणले. जुन्या सुविधा दाबलेल्या कळीच्या क्रमांकावर अवलंबून होत्या. अँड्रॉइडच्या पडद्यावरील कळपाटी बहुतेक कळींसाठी २२९ हा एकच क्रमांक कळविते, त्यामुळे जुनी संहिता तेथे मुकी होते. नव्या रीतीत कळीऐवजी मजकुरात झालेला बदल पाहिला जातो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा अनुभव या संदर्भात उपयुक्त आहे. भारतीय भाषांच्या विकिपीडियांवर प्रथम 'नारायम' ही टंकनसुविधा होती; २०१३ मध्ये तिची जागा भाषानिवडीच्या सर्वसमावेशक सुविधेने घेतली आणि अक्षरलेखनाचे नियम 'जेक्वेरी-आयएमई' या स्वतंत्र ग्रंथालयात आले. येथे प्रत्येक भाषेचे नियम तक्त्याच्या स्वरूपात संहितेपासून वेगळे ठेवलेले आहेत. यंत्रणा बदलली तरी मराठीचे ज्ञान शाबूत राहते. पुनर्रचनेचा खरा लाभ कोणता, हे या विभाजनावरून कळते.

पाठचिकित्सेची परंपरा

मराठी परंपरेला हा विचार परका नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत नकलाकारांच्या हातून अपपाठ शिरले, तेव्हा संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिचे शुद्धीकरण केले आणि त्यात कोणी स्वतःची ओवी घालू नये असे बजावले. रचना शुद्ध करावी, आशयात भर घालू नये, ही मर्यादा फाउलर यांच्या व्याख्येच्या अगदी निकट जाते. तथापि वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक जुनी प्रत प्रकाशित केली ती मूळ भाषारूपांच्या शोधापायी. शुद्धीकरणानेही काही हरवू शकते, ही जाणीव त्यामागे होती. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा स्वीकृत पाठाबरोबर नाकारलेले पाठभेदही छापले. कोणता पाठ का सोडला, याचा पुरावा वाचकाच्या हाती राहिला.

संगणकीय संहितेला ही सोय आज सहज उपलब्ध आहे. २००५ मध्ये लायनस टोरवाल्ड्स यांनी निर्माण केलेली 'गिट' प्रणाली प्रत्येक बदलाची नोंद ठेवते. परंतु ती 'काय' बदलले हे सांगते. 'का' ते लिहिणाऱ्याने सांगावे लागते. 'किरकोळ दुरुस्ती' एवढ्या शेऱ्याखाली वऱ्हाडचा जोडक काढला गेला, तर दहा वर्षांनंतरच्या अभ्यासकाला ती नोंद असून नसल्यासारखी होय.

मर्यादा आणि दायित्व

या चर्चेवर एक आक्षेप संभवतो. आज प्रत्येक भ्रमणध्वनीत मराठी कळपाटी आहे. मग पानातील टंकनसुविधा जपण्याचा खटाटोप कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. निरुपयोगी झालेला भाग काढून टाकणे हाही आधुनिकीकरणाचाच एक अंग आहे. परंतु ग्रामीण महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील सामायिक संगणकावर मराठी कळपाटी बसविलेली असेलच असे नाही, आणि तेथे अर्ज भरणारा विद्यार्थी ती बसविण्याचा अधिकारही बाळगत नाही. वगळण्याचा निर्णय अशा वापरकर्त्याला विचारात घेऊन झाला पाहिजे.

दायित्वाचा प्रश्न येथेच उभा राहतो. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. विभाग, जिल्हा, तालुका, गाव असा क्रम निवडून मनुष्य स्वतःच्या जमिनीपर्यंत पोहोचतो. पडद्यावरील अक्षराला आता दस्तऐवजाचे मोल आले आहे. मुकुटबनच्या परिसरात मराठीसोबत तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषा नांदतात. तेथील नावे देवनागरीत उतरताना मुळातच काही झीज सोसतात. त्यात संहितेच्या सफाईने आणखी एक मात्रा गळाली, तर आधारपत्रावरील नाव आणि अर्जावरील नाव जुळत नाही, आणि खेटे मात्र त्या व्यक्तीला घालावे लागतात.

निष्कर्ष

फाउलर यांची लहान पावलांची शिस्त आणि फेदर्स यांचा चाचण्यांचा आग्रह मराठी संकेतस्थळांनाही आवश्यक आहे. मात्र 'दिसणारे वर्तन' ही कल्पना त्यात भाषेचा समावेश केल्याखेरीज अपुरी राहते. त्यासाठी पुढील किमान दक्षता सुचविता येते. जुन्या संहितेला हात लावण्यापूर्वी मराठी शब्दांची एक कसोटी-सूची करावी. तीत मुकुटबन, वऱ्हाड, ॲड. यांसारखे शब्द, दोन्ही लेखनरूपे आणि दोन्ही प्रकारचे अंक असावेत. भाषेचे नियम यंत्रणेपासून वेगळे ठेवावेत. वगळलेल्या प्रत्येक ओळीचे कारण नोंदवावे. आणि ही सूची करण्याचे काम केवळ संगणकशास्त्राच्या विभागावर न सोपविता मराठी विभागाने त्यात सहभागी व्हावे. हलन्त, मात्रा आणि पाठभेद यांची पारख ज्यांच्या अध्ययनाचा विषय आहे, त्यांची नजर या संहितेवरून फिरणे अगत्याचे आहे.