खरखरीपलीकडचा नील्सन

कार्ल नील्सन (१८६५–१९३१) या डॅनिश संगीतकाराच्या सिंफनींची जुनी ध्वनिमुद्रणं आज आपण ऐकणार आहोत. खरखरीला बिचकायचं कारण नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांनी आपला कान तयार केलेला आहे. फरक आहे तो वेगळाच. आपल्या गवयांनी तीन मिनिटांत मावेल असा राग मांडला. सिंफनी अशी आटवता येत नाही, ती कापावी लागते. १९४६ साली एरिक टुक्सेन यांनी तिसरी सिंफनी मुद्रित केली, तेव्हा तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपत असे. तिथे थांबायचं आणि पुढच्या बाजूला तोच आवेग परत आणायचा! सांधा कुठे जाणवला, तर तो दोष वादकांच्या माथी मारू नये.

आता लाउनी ग्रॉनडाल यांची १९५१ची चौथी सिंफनी. शेवटच्या भागात दोन टिंपनीवादकांची जुगलबंदी आहे. आजच्या स्टिरिओत ती डावी-उजवीकडून येते. इथे दोन्ही एकाच जागेवरून. हे नुकसान खरंच आहे. पण ग्रॉनडाल लय सैल पडू देत नाहीत, आणि दिशा हरवली तरी धोका हरवत नाही.

१९५४ची पाचवी सिंफनी थॉमस येन्सेन यांची. तरुणपणी ते नील्सनच्या हाताखाली चेलो वाजवत. म्हणून त्यांचा शब्द प्रमाण मानायचा का? आम्हाला तसं वाटत नाही. मधे वीसहून अधिक वर्षं गेली होती. आठवण म्हणजे पुरावा नव्हे. यांचं मोल दुसरीकडे आहे. कोपनहेगनच्या रेडिओचा हा वाद्यवृंद नील्सनला दुर्मीळ चीज म्हणून पेश करत नाही, घरचं गाणं म्हणून वाजवतो. याच वाद्यवृंदाने १९५० साली टुक्सेन यांच्यासह पाचवी एडिंबरो महोत्सवात नेली आणि ब्रिटिश श्रोत्यांचे कान टवकारले.

तेव्हा असं करू या. आधी एखादं नवं मुद्रण ऐका, रचना ओळखीची होऊ द्या. मग येन्सेनकडे या. पहिल्या भागात वाद्यवृंदाची वाट अडवू पाहणारा साइड ड्रम शेवटी दूर दूर जातो आणि एकटी क्लॅरिनेट उरते. ड्रम कुठे संपला आणि तबकडीची खरखर कुठे उरली, ते कान देऊन शोधा. तेवढं ऐकू आलं की जुनं मुद्रण कसं ऐकायचं, हे वेगळं सांगावं लागणार नाही.