मोजमाप आणि मीमांसा

शास्त्रीय निबंधास वाङ्मयाच्या पंक्तीस बसवावें कीं नाहीं, हा वाद येथें उकरून काढण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु 1985 च्या मे महिन्यांत ‘नेचर’ साप्ताहिकांत जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँक्लिन यांनीं प्रसिद्ध केलेला अंटार्क्टिकावरील ओझोनविषयींचा निबंध टीकेच्या कसोटीवर घासून पाहण्याजोगा खास आहे.

तेथील हॅली बे या ठाण्यावर हिवाळ्यांत तीन महिन्यांहून अधिक काळ सूर्य उगवतच नाहीं. तो परतला म्हणजे डॉबसनच्या यंत्रानें त्याच्या प्रकाशांतील दोन अतिनील तरंगांची तुलना करावयाची. एकास ओझोन पुष्कळ शोषितो, दुसऱ्यास थोडासा. या तफावतीवरून माथ्यावर ओझोन किती आहे तें निघतें. ऑक्टोबरची सरासरी 1957 च्या सुमारास 300 डॉबसन एककांच्या घरांत होती. 1984 सालीं ती 200 च्या आसपास उतरली. म्हणजे भूपृष्ठावरील दाबाखालीं शून्य अंश उष्णमानांत आणिल्यास जो थर तीन मिलिमीटर जाड भरला असता, तो जेमतेम दोन मिलिमीटर उरला होता!

निबंधाचा थोर गुण म्हणजे संयम. ‘निंबस-7’ उपग्रहासही हे विलक्षण कमी अंक दिसले होते. पण ते संशयास्पद ठरून तपासणीसाठीं बाजूस राहिले. या त्रयीपाशीं एकाच जागच्या सत्तावीस वर्षांच्या नोंदी होत्या. म्हणूनच त्यांस अशा अंकांवर विश्वास ठेवितां आला.

दोषही सांगितला पाहिजे. आकृतींत ओझोनच्या उतारासमवेत क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंची वाढ उलट्या मापानें रेखाटली आहे. त्यामुळें दोन्ही जोडीनें उतरतांना दिसतात. हें डोळ्यांस पटतें, तर्कास नव्हे. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. क्लोरीनवरील आरोप पुढें खरा ठरला. परंतु लेखकांनीं सुचविलेली रासायनिक क्रिया अपुरी होती. सूझन सॉलोमन व त्यांचे सहकारी यांनीं 1986 सालीं असें मांडलें कीं, ध्रुवीय हिवाळ्याच्या कडाक्यांत बनणाऱ्या ढगांच्या कणांवर क्लोरीन संहारक रूप धारण करण्यास सिद्ध होतो, आणि सूर्य येतांच ओझोनचा नाश आरंभितो. 1987 सालीं विमानांतून केलेल्या मापनांनीं क्लोरीनचा हा अपराध सिद्ध झाला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत माँट्रिअल येथें या वायूंवर नियंत्रण घालणारा करारही झाला.

सारांश, मीमांसा सुधारावी लागली, मोजमाप मात्र अढळ राहिलें. नित्यनेमानें लिहिलेली रूक्ष नोंदवही ज्यास निरुपयोगी वाटत असेल, त्यानें हा निबंध अवश्य वाचावा.