सामञ्ञफलसुत्त : क्षमा की स्वीकार?

दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्त श्रामण्याच्या फळांचे विवेचन म्हणून सर्वपरिचित आहे. त्याचा शेवट मात्र घाईने वाचला जातो. कौमुदी पौर्णिमेच्या रात्री राजगृहातील जीवकाच्या आम्रवनात मगधराज अजातशत्रू भगवंतांना शरण जातो आणि सत्तेसाठी आपण पिता बिंबिसार यांचा वध केल्याची कबुली देतो. भगवंतांनी त्याला क्षमा केली, असे या प्रसंगाविषयी पुष्कळदा म्हटले जाते. मूळ पालि शब्द या विधानाला आधार देत नाहीत, असे आमचे मत आहे.

राजाची याचना 'अच्चय', म्हणजे मर्यादेचे उल्लंघन, या शब्दावर उभी आहे. हा अच्चय अच्चय म्हणूनच स्वीकारावा आणि तो पुढील संयमासाठी, एवढेच तो मागतो. भगवंतांच्या उत्तरातील क्रियापद 'पटिग्गण्हाति' म्हणजे 'स्वीकारतो' हे आहे. क्षमावाचक 'खमति' नव्हे. राजा गेल्यावर भगवान भिक्खूंना सांगतात की, पितृवध घडला नसता तर याच आसनावर त्याला धम्मचक्षू लाभले असते. कबुली स्वीकारली गेली. कर्म पुसले गेले नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. अंगुत्तरनिकायाच्या नवकनिपातात एक भिक्खू सारिपुत्तांवर खोटा आरोप करतो आणि पुढे भगवंतांच्या चरणी मस्तक ठेवतो. भगवान त्याचाही अच्चय स्वीकारतात, पण क्षमा करण्यास सारिपुत्तांना सांगतात. सारिपुत्त तयार होतात. इतकेच नव्हे, तर त्या भिक्खूनेही आपल्याला क्षमा करावी असे म्हणतात. 'खमति' येथे येते, कारण ज्याला दुखावले तो समोर आहे. अजातशत्रूला क्षमा करू शकणारा बिंबिसार हयात नव्हता, आणि त्याची जागा भगवंतांनी घेतली नाही.

मग या स्वीकाराला अर्थ काय? बुद्धघोषांच्या अट्ठकथेनुसार पितृवधापासून निद्रा हरपलेल्या राजाला या भेटीनंतर झोप लागू लागली. नरकवास मात्र चुकला नाही. शास्त्याचा स्वीकार मनुष्याला पुन्हा मार्गावर उभे करतो, फळातून सोडवीत नाही. घरातील दुखावलेल्या माणसाला टाळून गुरुचरणी क्षमा शोधणाऱ्या आजच्या उपासकाने हा भेद अवश्य ध्यानी घ्यावा. त्याच्यासमोरचा 'सारिपुत्त' अद्याप हयात असतो.