खाडीबद्दल बोलायचं कुणी?



मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. ज्यांचे केस आता पिकलेत त्यांना ‘साप्ताहिकी’ आठवत असेल. येत्या आठवड्यात काय काय दाखवणार, एवढंच सांगणारा कार्यक्रम, पण लोक तोही आवडीने बघायचे. आम्हीही बघायचो. त्या यादीत ‘आमची माती, आमची माणसं’ असायचं. हे शीर्षक जरा नीट ऐका. यातला ‘आमची’ हा शब्द कुणाच्या तोंडचा? शेतकऱ्याच्या, की केंद्राच्या? आज आम्हाला एवढ्या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे.

सह्याद्री वाहिनीवर अमुक गावावर, तमुक तालुक्यावर माहितीपट येणार असं कळलं की आम्हाला आनंद होतो आणि पाठोपाठ धास्ती वाटते. आनंद अशासाठी, की खासगी वाहिन्यांवर गाव दिसतं ते पूर आला की, नाहीतर निवडणूक आली की. हे काम सार्वजनिक वाहिनीने नाही करायचं तर कुणी? आणि धास्ती अशासाठी, की साचा ठरलेला असतो. ठाण्यावरचा माहितीपट म्हटला की वरून ड्रोन, मागे बासरी, आणि एक धीरगंभीर आवाज: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, पहिली रेल्वे. मग मासुंदा तलाव, मग कल्याणचा दुर्गाडी. यात चूक काहीच नसते हो. पण बोलणाऱ्याने त्यातलं काही स्वतः पाहिलेलं, भोगलेलं नसतं.

काही वर्षांपूर्वी इथे बाळकुमच्या गावठाणात एक चित्रीकरणाचा चमू आला होता. कुणाचा, ते महत्त्वाचं नाही. आमच्या शेजारच्या काकूंचं सगळं आयुष्य खाडीत चिंबोऱ्या आणि निवट्या धरण्यात गेलं. त्यांना नऊवारी नेसवून होडीशेजारी उभं केलं. काकू तासभर बोलल्या. उधाणाला पाणी कुठवर चढतं, भांगाला कुठे अडतं, कुठल्या चिखलात पाय घालायचा, कुठल्या नाही. कार्यक्रम लागला तेव्हा अर्धी आळी जमली होती. काकू दिसल्या जेमतेम दहा सेकंद. ओठ हलत होते आणि त्यावर निवेदकाचा आवाज: येथील आगरी-कोळी समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर उपजीविका करतो. काकूंनी एवढंच विचारलं, “माझा आवाज कुठं गेला?”

आमचा धंदा तत्त्वज्ञानाचा, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला न्यायशास्त्राकडे घेऊन जातो. (घाबरू नका, लगेच परत येऊ.) नैयायिक शब्द हे प्रमाण मानतात, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. वात्स्यायन तर न्यायसूत्रांवरच्या भाष्यात साफ सांगतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू पडतं. जन्म नाही, भाषेची शुद्धता नाही. जाणणं आणि खरं सांगणं. या कसोटीवर खाडीच्या बाबतीत काकू आप्त ठरतात. निवेदक ठरत नाही. माहितीपटाने काय केलं? आप्ताला चित्र केलं आणि ऐकीव माणसाला आवाज दिला.

यावर कुणी म्हणेल, गडचिरोलीच्या माणसाला आगरी बोली कळणार कशी? खाली अक्षरं द्या ना. इंग्रजी सिनेमा आपण तसाच बघतो. दुसरी हरकत जास्त वजनाची आहे: स्वतः पाहणारा माणूसही चुकतो. मान्य. मासळी का घटली याबद्दल काकू जे सांगतील ते तपासावंच लागेल, तिथे शास्त्रज्ञ हवा. पण तपासायला तरी आधी ऐकावं लागतं की नाही?

हे जमत नाही असंही नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यात १९७५ पासून पीज गावच्या छोट्या प्रक्षेपकावरून इस्रोच्या अहमदाबाद केंद्राचे कार्यक्रम दाखवले जात. गावकरी आपले प्रश्न आपल्या बोलीत मांडायचे, नाटुकल्यांत कामंही करायचे. १९८५ मध्ये तो प्रक्षेपक तिथून हलवायचं ठरलं तेव्हा लोकांनी विरोध केला. दूरदर्शनच्या खांबासाठी विरोध, विचार करा! त्याआधी १९६७ मध्ये कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या फोगो बेटावर, तिथल्या सरकारी चित्रपट मंडळाच्या कॉलिन लो यांनी मच्छीमारांची छोटी छोटी चित्रणं केली आणि ती आधी बेटावरच दाखवली. ज्याला आपलं बोलणं नको वाटलं, त्याचं ते काढलं. सरकार या लोकांना बेटावरून दुसरीकडे हलवू पाहत होतं. लोकांनी एकमेकांना पडद्यावर ऐकलं, चर्चा केली, मच्छीमारांची सहकारी संस्था उभी केली आणि तिथेच राहिले.

आता आपल्या दाराशी या. बाळकुम नाक्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले. बाळकुम ते गायमुख असा खाडीकिनाऱ्याने रस्ता आखला आहे. तो हवा की नको, यावर या सभागृहातच दोन तट पडतील, आणि घोडबंदर रोडला रोज दीड तास अडकणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. पण खाजणात भराव पडल्यावर कुणी विचारलं, की इथे पाणी कुठवर यायचं, तर सार्वजनिक वाहिनीच्या संग्रहात काय सापडणार? ड्रोन आणि बासरी. काकूंचा तासभर मात्र कुठेच नसेल.

म्हणून मागणी साधी आहे. पुढचा माहितीपट इथला असेल तर तो वरळीहून महाराष्ट्राला दाखवण्याआधी एका संध्याकाळी बाळकुमच्या शाळेच्या मैदानात पडदा लावून दाखवा. लोक बोलतील, भांडतील, दोन वाक्यं काढायला लावतील. खर्च पडद्याचा आणि चहाचा.

चला, आता प्रश्न घेऊ. काकू मागच्या रांगेत बसल्या आहेत. खाडीबद्दलचे प्रश्न त्यांना विचारा, आम्हाला नको.