बाड हॉम्बुर्गची वही आणि ऑफिसचा फाइल सर्व्हर

फ्रँकफुर्टहून एस-बान पकडून तुम्ही बाड हॉम्बुर्गला गेलात, तर कवी ह्योल्डरलिनची ‘हॉम्बुर्गर फोलिओहेफ्ट’ ही हस्तलिखित वही तिथेच ठेवलेली असेल असं वाटेल. पण मालकी शहराची आणि वही ठेवलीय श्टुटगार्टच्या राज्य ग्रंथालयात. स्कॅन केलेली पानं तर पुण्यात बसूनही वाचता येतात. वस्तू कोणाची, आहे कुठे आणि पाहायची कोणी, हे तीन वेगळे प्रश्न झाले. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि जमीन कसतो दुसराच, हे माहीत असलेल्यांना यात नवल नाही.

ऑफिसच्या फाइल सर्व्हरवर मात्र आपण हे तिन्ही एकाच फोल्डरच्या गळ्यात बांधतो. डिस्कवर जशी रचना, तशीच सगळ्यांना दाखवायची आणि मग आत अपवादांची ठिगळं लावत बसायचं. फाइलझिला सर्व्हरच्या नव्या आवृत्त्यांनी इथे चांगलं काम केलंय. तिथे प्रत्येक माउंट पॉइंटला दोन पाथ असतात: वापरणाऱ्याला दिसणारा आणि डिस्कवरचा खरा. तुम्हाला दिसतं ‘/अहवाल’. खरा फोल्डर उद्या दुसऱ्या डिस्कवर नेला तरी सेटिंगमधली एक ओळ बदलली की झालं.

माझी तक्रार पुढची आहे. परवानगी गटाला देणं जितकं सोपं, तितकंच एकेका माणसाला देणंही सोपं ठेवलंय, आणि घाईत आपण माणसालाच देतो. (ह्योल्डरलिन १८०४ मध्ये हॉम्बुर्गचा दरबारी ग्रंथपाल झाला तो नावापुरताच, पगाराचा भार त्याच्या मित्राने, सिंक्लेअरने उचलला. सर्व्हरवर असली मैत्री नको.) माणूस विभाग बदलतो, परवानगी तशीच राहते, आणि ती का दिली होती हे वर्षभराने कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. व्हर्च्युअल फोल्डर हा पडदा आहे. कुलूप वेगळं लावावं लागतं. एफटीपीतून न दिसणारा फोल्डर विंडोज शेअरमधून उघडत असेल, तर तिथे फाइलझिलाचे नियम लागूच होत नाहीत. तिथे चालतात शेअरच्या आणि एनटीएफएसच्या परवानग्या. म्हणून डिस्कवरच्या फोल्डरलाच, गटाच्या नावाने परवानगी द्या. सर्व्हर ज्या खात्यावर चालतो त्यालाही लागतील तेवढेच फोल्डर उघडे ठेवा. बाड हॉम्बुर्ग ज्या हेसन राज्यात आहे, तिथे १९७० मध्येच जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा झाला. पगाराचा फोल्डर ‘दिसत नाही’ एवढं उत्तर तिथे पुरणार नाही. तो उघडतो का हे पाहायचं असेल, तर स्वतःच्या नव्हे, नव्या इंटर्नच्या हक्कांच्या चाचणी खात्याने पाहा, आणि दोन्ही वाटांनी.