मरणाची आगाऊ वार्ता

ठाऊक असलेले आख्यान पुन्हा ऐकणे मराठी श्रोत्यास नवे नाही. अभिमन्यू चक्रव्यूहातून परतणार नाही, हे कीर्तनास बसलेल्या प्रत्येकास पूर्वरंगाआधीच माहीत असते. तरीही उत्तररंगात डोळे पुसले जातात. मग आगामी अंकातील घटना आधी कळल्याने चित्रकथेची गोडी जाते काय? नातवाच्या संगतीने अमेरिकी महानायकांच्या अंकांच्या पूर्ववार्ता वाचू लागल्यापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळत आहे.

आमच्या बालपणी इंदूरच्या घरी ‘इंद्रजाल’चा वेताळ येई. पुढच्या अंकात काय असेल, याचे तर्क आम्ही भावंडे ओट्यावर बसून लढवीत असू. अमेरिकेत रीत निराळी. तेथील चित्रकथांच्या दुकानदारास सुमारे दोन महिने आधी मागणी नोंदवावी लागते आणि न खपलेले अंक सहसा परत करता येत नाहीत. मागणीपत्रके तपासण्यात आमची शासकीय सेवेतील हयात गेली. त्यामुळे हे चटकन उमगले, की पूर्ववार्ता वाचकाआधी दुकानदारासाठी असते. मागणी वाढविणे हे तिचे काम. त्यासाठी तिला मोठी घटना हवी असते : कोणाचे लग्न, कोणाचा मृत्यू.

याचे ठळक उदाहरण 1992 सालचे. डीसी कॉमिक्सच्या लेखकांनी वस्तुतः सुपरमॅन व लोइस लेन यांचे लग्न योजिले होते. दूरचित्रवाणीवर त्या दोघांची मालिका येणार म्हणून ते लांबणीवर पडले आणि त्या रिकाम्या जागी मृत्यू आला. ही वार्ता अंक निघण्यापूर्वीच वृत्तपत्रांतून गाजली. नोव्हेंबरमध्ये ‘सुपरमॅन’चा 75वा अंक काळ्या पिशवीत, सोबत दंडावर बांधावयाची काळी फीत घालून विक्रीस आला. साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या असे सांगतात. अनेकांनी तर पिशवी उघडलीच नाही. पुढे भाव येईल म्हणून ती जपून ठेवली!

ज्यांनी उघडली, त्यांना मात्र डॅन जर्गन्स आणि सहकाऱ्यांचे कसब दिसले. डूम्सडे या राक्षसाशी चाललेल्या झुंजीच्या शेवटच्या चार अंकांत पानावरील चौकटी क्रमाने घटत जातात : चार, तीन, दोन आणि अखेरीस प्रत्येक पानावर एकच. शेवट ठाऊक असलेल्या वाचकाचाही श्वास त्यामुळे कोंडतो. कीर्तनकार लय चढवितो, तसेच हे.

परंतु आमच्या मते या कथेचे खरे मोल मृत्यूनंतरच्या शोकपर्वात आहे. सारे महानगर अंत्ययात्रेस लोटले असताना त्याचे पालक, जोनाथन व मार्था केंट, दूर खेड्यात दूरदर्शन संचापुढे बसलेले असतात. तो आपला मुलगा होता, हे त्यांना कोणास सांगता येत नाही. परगावी गेलेल्या मुलाचे सुखदुःख दुसऱ्याच्या तोंडून ऐकणाऱ्या आपल्यासारख्या घरांना हे चित्र परके वाटू नये. मृत्यूच्या गाजावाजात हे चित्र कोठेच नव्हते. ते असे दोन ओळींत सांगताही आले नसते.

येथवर आम्ही या कथेचे चाहते आहोत. दोष पुढे आहे. 1993 मध्येच सुपरमॅन परतला. अभिमन्यू परतत नाही, म्हणून त्याच्यासाठी रडता येते. मरण उलटविता येते हे एकदा दिसल्यावर नंतरच्या प्रत्येक मृत्यूच्या वार्तेवर वाचक विचारू लागला, ‘किती महिन्यांसाठी?’ संग्रह करून नफा मिळविण्याची हौसही लवकरच ओसरली. अनेक दुकाने बंद पडली. डिसेंबर 1996 मध्ये मार्व्हलसारख्या बलाढ्य प्रकाशकासही दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. कारणे अनेक होती. पण वाचकाच्या शोकावर केलेला व्यापार त्यांपैकी एक होता, असे आमचे मत आहे.

सारांश, आधी कळल्याने कथा मरत नाही. जे कळले तेवढेच तिच्यात असेल, तर मरते. नातू नव्या पूर्ववार्ता वाचून विचारतो, “आजोबा, या खेपेस कोण मरणार?” आम्ही त्याला म्हणतो, “ते त्यांनी सांगितलेच आहे. मागे घरी कोण राहिले, ते अंक आल्यावर पाहू.”