‘शेजारी’, ‘पडोसी’ आणि मधली तिरकी रेघ

सिनेमावर संशोधन करायचं ठरलं की बहुतेक जण आधी आयएमडीबी उघडतात, मग जेस्टोर, मग शोधगंगा. सुरुवात म्हणून हे ठीकच आहे. पण यातलं कोणतं साधन कशाचा पुरावा देतं आणि कशाचा देत नाही, हे वेळीच कळलेलं बरं. एकच उदाहरण घेऊ.

प्रभातचा ‘शेजारी’, १९४१. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा विश्राम बेडेकरांची. एक हिंदू आणि एक मुसलमान, दोन जिवलग शेजारी. गावात धरणाचं काम येतं आणि त्यांच्यात फूट पाडली जाते. प्रभातने तो हिंदीतही केला, ‘पडोसी’ नावाने. त्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते: मुसलमान मिर्झा झाले गजानन जागीरदार आणि हिंदू ठाकूर झाले मझहर खान. १९४० च्या लाहोर ठरावानंतर लगेचच्या काळात अशी अदलाबदल! प्रबंधात घ्यायचा मोह होणारच.

पण मराठी ‘शेजारी’त हिंदू शेजाऱ्याचं काम केशवराव दात्यांनी केलंय. म्हणजे मराठीत अदलाबदल अर्धीच आहे. तुमचा विषय ‘मराठी चित्रपट आणि धार्मिक सलोखा’ असेल आणि तुम्ही ‘पडोसी’चं वाक्य ‘शेजारी’ला चिकटवलंत, तर मुद्द्याचा पायाच गेला. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील.

हे होतं कसं? संदर्भसूचींमध्ये द्वैभाषिक चित्रपटांची नोंद बरेचदा एकत्र असते. दोन नावं, मध्ये तिरकी रेघ. सूचीकाराच्या दृष्टीने ती जागेची बचत. वाचणाऱ्याला मात्र वाटतं की चित्रपट एकच, फक्त भाषा बदललीय. पुढे एकाने घेतलं की दुसरा त्याच्यावरून घेतो. शोधगंगेवर पाच प्रबंधांत तेच वाक्य सापडलं तर खूश होऊ नका, तळटिपा बघा. पाचही एकाच पुस्तकाकडे जात असतील तर साक्षीदार एकच आहे, तो पाच वेळा बोललाय एवढंच.

आता साधनांकडे. आयएमडीबीवर माहिती मुख्यतः वापरकर्त्यांकडून येते. ती दिशा दाखवते, पुरावा होत नाही. इंडियनसिने डॉट एमए अभ्यासकांच्या दृष्टीने बरंच उजवं, कारण तिथे काही जुन्या चित्रपटांच्या दृश्यांवरच टिपणं केलेली आहेत. बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’चे बरेच अंक इंटरनेट आर्काइव्हवर आहेत आणि ‘लँटर्न’मधून त्यांत शब्द शोधता येतो. सोय मोठी, पण ते मासिक इंग्रजी, आणि पटेलांचे रागलोभ पानोपानी. त्यावरच विसंबलात तर मराठी प्रेक्षकाला काय वाटलं ते हाती लागणं कठीण.

शिवाय स्पेलिंग! ‘माणूस’ रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिला जातो. एका स्पेलिंगला शून्य निकाल आले म्हणजे माहिती नाही, असं अजिबात नाही. जुन्या देवनागरी छपाईचं स्कॅन तर यंत्राला अजूनही नीट वाचता येत नाही.

म्हणून ग्रंथालयात जायलाच हवं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फिल्मच नव्हे, तर पोस्टरं आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपलेल्या आहेत. चित्रपटाबरोबर विकली जाणारी ही पुस्तिका म्हणजे कथासार, गाणी आणि नटांची नावं, तीही त्या त्या भाषेतल्या आवृत्तीची. तिरकी रेघ तिथे सुटते. मराठी वृत्तपत्रांसाठी जुन्या ग्रंथसंग्रहालयांतल्या बांधीव फायली चाळा. तिथे ‘प्रभातवर काही आहे का?’ असं विचारू नका. अंकाचं नाव, वर्ष, महिना सांगा.

माझ्या मते ऑनलाइन डेटाबेसचं खरं काम हेच आहे: ग्रंथालयात नेमकं काय मागायचं, ते कळणं. त्यासाठी एक साधी वही ठेवा. तारीख, कुठे शोधलं, कोणत्या स्पेलिंगने, काय मिळालं, काय नाही. द्वैभाषिक चित्रपट असेल तर प्रत्येक भाषेला वेगळं पान द्या.